विमानाच्या पोटाखालचं झाकण

मला तिरकं काही बघवत नाही. भिंतीवरचा देवाचा फोटो जरा कलला असेल तरी मी जेवता जेवता उठून तो सरळ करतो, आणि आई म्हणते, "जेव आदी. देव काय पडत नाय." गेली बावीस वर्षं मी आसनगावजवळच्या एका कारखान्यात ड्रॉइंगं काढतो. विजेच्या मीटरांसाठी पत्र्याच्या पेट्या तिथे बनतात. पेटीचं दार अर्धा मिलिमीटर चुकलं तरी नीट लागत नाही, आणि दार लागलं नाही की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. तेव्हा नोकरीमुळे ही खोड जडली, की खोड होती म्हणून नोकरी टिकली, ते मला सांगता येणार नाही. या खोडीपायी गेल्या हिवाळ्यात मी माझ्या बापाचे दोन महिने नासवले.

बाबा हवाई दलात होते. विमान चालवणारे नव्हेत. विमान उडायच्या आधी त्याच्या पोटाखाली शिरणारे. शेणव्याच्या पुढे आतल्या बाजूला आमचं गाव, तिथून भरती झालेले ते पहिलेच. एकाहत्तरच्या लढाईत ते एका छोट्या लढाऊ विमानावर कामाला होते. विमान इतकं बुटकं की मोठी विमानं सांभाळणारे लोक त्याला खेळणं म्हणायचे. त्याच्या पोटाखाली एक झाकण होतं, ते बाबांचं. झाकण उघडायचं, आतलं तपासायचं, परत लावायचं, एकेक स्क्रू पाव फेरा फिरवून पक्का करायचा आणि कागदावर सही करायची. मग साहेब यायचा, म्हणजे वैमानिक. बाबांहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. शिडी चढण्याआधी तो रोज विचारायचा, "सब बंद?" बाबा म्हणायचे, "सब बंद, साब."

एका सकाळी ते विमान गेलं आणि परत आलं नाही. कुणी पाडलं, कुठे पडलं, की आणखी काही झालं, यातलं काही बाबांपर्यंत पोचलं नाही. त्यांना दुसरं विमान मिळालं, दुसरा साहेब मिळाला. पुढे नोकरी संपवून ते गावी आले, भात आणि नाचणी करू लागले. पण त्या विमानाचं कुणी विचारलं की त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं. "सकाळी गेलं. आलं नाय आजून."

हे 'आजून' मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आई चिडवायची, "पन्नास वर्सं झाली. आता आलंच तर उतरवाल कुठं, भाताच्या खाचरात?" बाबा हसायचे, पण वाक्य बदलायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आता फक्त उजेड कळतो. तरी गावातल्या शाळेत सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायचा मान त्यांचाच राहिला. मुख्याध्यापिका बाई दोरी त्यांच्या हातात देतात आणि ते बरोबर हिसका मारतात. गेल्या पावसाळ्यात बाई घरी आल्या. म्हणाल्या, "आजोबांचं विमान मुलांना शाळेत बघायला मिळायला हवं. तुम्ही ड्रॉइंगचं काम करता ना, मग कराच. कसलंही चालेल."

कसलंही चालेल, हे माझ्यासमोर बोलायचं नसतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "कर. पन तसलं नको. तेच कर."

मी तेच करायला बसलो. इंटरनेटवर त्या विमानाची तीन ड्रॉइंगं सापडली आणि तिन्हींची नाकं तीन तऱ्हेची. एकात शेपूट उंच, एकात पंखाचा उतार कमी. कुणीतरी हौशी माणसानं फोटोवरून काढलेलं, दुसऱ्यानं त्यावरून गिरवलेलं, असा सगळा कारभार. मी जुने फोटो गोळा केले, चाकाच्या मापावरून बाकीची मापं ताडून पाहिली, आणि विमानाचे आडवे काप काढले. नाकापासून शेपटीपर्यंत बावीस काप, काकडी चिरावी तसे. बाराला एक हे प्रमाण धरलं, म्हणजे खऱ्या विमानाची बारा बोटं तिथे माझ्या विमानाचं एक. प्रत्येक कापाचा प्लायवूडचा फर्मा कापला, फर्म्यांवर शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि घासत बसलो. शिवण हलकी असते, पॉलिशपेपर लावला की मऊ होते. सुट्टीच्या दिवशी पडवीत लाकडाचा भुसा उडायचा आणि आई डाळीवर झाकण ठेवत फिरायची.

तपासणी बाबांकडे होती. दर रविवारी मी विमान त्यांच्या मांडीवर द्यायचो आणि ते दोन्ही हातांनी ते चाचपायचे, अगदी सावकाश. एकदा म्हणाले, "नाक जाड झालंय." मला राग आला. डोळ्यांनी दिसत नाही आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक काढतात. मी कॅलिपर लावून मोजलं. नाक दीड मिलिमीटर जाड होतं, रंगाआधी भेगा बुजवायला लांबी लावतात, ती मीच जास्त थापली होती. त्या दिवसापासून मी कॅलिपर नंतर लावायचो आणि बाबांचा हात आधी. एवढी माझी त्यांच्याशी दोस्ती आयुष्यात कधी झाली नव्हती. ते सांगायचे, मी खोडायचो, घासायचो, परत द्यायचो. फक्त पोटाकडे बोटं गेली की ते थोडे हिरमुसायचे. झाकण माझ्या विमानावर काड्यापेटीएवढं होतं. "इमान ल्हान झालं," ते म्हणायचे, "पन बोटं तेवडीच ऱ्हायली."

दिवाळी झाल्यावर झाकणावर स्क्रूंच्या खुणा करायची वेळ आली. ड्रॉइंगं इथेही एकमेकांशी भांडत होती. मी विचारलं, "बाबा, झाकणाला स्क्रू किती?" त्यांचा उजवा हात हवेत उचलला गेला, अंगठा आणि दोन बोटं वळत गेली, ओठ हलले. मग म्हणाले, "सात."

सात हा आकडा मला आवडला नाही. चौकोनी झाकणाला सात स्क्रू कोण कशाला लावेल? एका शहरात तसलंच एक जुनं विमान चौथऱ्यावर उभं करून ठेवलंय हे मला ठाऊक होतं. रजा टाकून मी तिथे गेलो. राखणदार हटकत होता, पण माझ्या हातातले कागद आणि टेप पाहून त्याला वाटलं असावं की मी सरकारी माणूस आहे. मी खाली शिरलो. पोटाला रंगाचे थरावर थर दिलेले होते, पण नखानं खरवडल्यावर स्क्रूंची डोकी लागली. मी दोनदा मोजली. चार कोपऱ्यांत चार, चार बाजूंच्या मध्यावर चार. आठ. झाकणाची मापंही घेतली.

मी इतका खुशीत घरी आलो की पायातल्या चपला न काढताच बोललो. "बाबा, आठ आहेत. मी स्वतः मोजून आलो. तुमचा एक हुकला."

हे माझे शब्द. मी ते कितीदा तरी मनात परत ऐकले आहेत.

"आठ?" बाबा म्हणाले.

"आठ."

"मी सातच लावायचो." त्यांनी हात लुंगीला पुसला. मी चहा घेतला, खुणा कुठे करायच्या ते पेन्सिलनं आखू लागलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "एक स्क्रू उघडा ऱ्हायला तर झाकान हवेत उघडंल का रे?"

त्या वेळी शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी ड्रॉइंगवाल्यासारखं उत्तर दिलं. म्हणालो, कोपऱ्यातला असेल तर वेगात पत्रा उचलला जाऊ शकतो, आणि एकदा कोपरा उचलला की बाकीचं झाकण फाटत जातं.

"मंग ते पडलं," बाबा म्हणाले. "मीच पाडलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हातातली पेन्सिल तिथेच राहिली. मी पुष्कळ बोललो. रोज सातच लावत असाल तर विमान रोज पडायला हवं होतं, म्हणालो. त्यांनी मान हलवली. "रोज धरून ऱ्हायलं. त्या दिवशी सुटलं." मी म्हणालो, तुम्हाला शिकवणाऱ्यानं आठ सांगितले असतील. ते म्हणाले, "मला कोनी आकडा नाय सांगितला. पंजाबी उस्ताद होता, त्यानं हात धरून दावलं. मोजलं मी माझं मीच." मग म्हणाले, "साब इचारायचा, सब बंद. मी सांगायचो, सब बंद."

पन्नास वर्षं माझा बाप एका माणसाची वाट बघत होता आणि त्या वाट बघण्यात त्याला काही डाचत नव्हतं. त्यात मी टेप घेऊन घुसलो.

भात कापून झालं, झोडणीचं मशीन आलं, गोणी भरल्या. दर वर्षी बाबा खळ्याच्या कडेला बसून राहायचे, दाणा मुठीत घेऊन वास घ्यायचे. यंदा आले नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं. विमान मी त्यांच्या मांडीवर ठेवायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतले. पौषात म्हशाच्या जत्रेला मुरबाडकडे आमच्या गावातून जीप निघते. नजर गेल्यावरही बाबा जायचे, बैलांच्या तोंडात बोटं घालून कुठला किती दाती आहे यावर लोकांशी वाद घालायचे. यंदा जीप दारात उभी राहिली आणि बाबांना न घेताच पुढे गेली.

मी खोटं बोलूनही पाहिलं. म्हणालो, "बाबा, माझीच चूक झाली. ते विमान जरा वेगळं होतं. तुमच्याला सातच होते."

"तुला खोटं बोलता येत नाय," ते म्हणाले. "खोटं बोललास का तू हळू बोलतोस."

आईनं माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. एकदाच म्हणाली, "तुला मोजायला कोनी धाडला होता?" मग मुख्याध्यापिका बाई झेंड्याचं आमंत्रण घेऊन आल्या. बाबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा करायला लावला, आणि म्हणाले, "बाई, या टायमाला दुसरं कोनी बघा. माझा हात झेंड्याला नको." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला खरंच वाटलं की जमिनीनं मला पोटात घ्यावं.

त्यानंतर मी जे केलं ते कशासाठी केलं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. माझ्याकडे झाकणाची खरी मापं होती. आमच्या पेट्यांच्या दारांना पाव फेऱ्यात बसणारे स्क्रू लागतात, जवळपास तसलेच. कारखान्यात परवानगी घेऊन मी उरलेल्या पत्र्यातून झाकण कापलं, खरं, पूर्ण मापाचं. त्याला चौकट केली, आठ भोकं पाडली, आठ स्क्रू बसवले. घरी पडवीतलं टेबल विटांवर चढवलं आणि ते झाकण टेबलाच्या खालच्या अंगाला लावलं, म्हणजे खाली बसून हात वर केले की ते हाताला लागावं. मला एवढंच वाटत होतं की बाबांच्या ओठांना चुकीचा आकडा माहीत असेल, पण हाताला बरोबर माहीत असेल. आणि नसलं तर? हात सातव्यावर थांबला तर? मग जे आतापर्यंत माझं बोलणं होतं ते त्यांच्या स्वतःच्या हाताची साक्ष झालं असतं. दोन रविवार ते झाकण तसंच टेबलाखाली राहिलं आणि मी त्याबद्दल बोललोच नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी त्यांना म्हणालो, "बाबा, एकदा बंद करून दाखवा. मग मी तुमाला कधी काय सांगायला येणार नाय."

ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण मी पत्र्यावर टिचकी मारल्यावर त्यांनी तोंड तिकडे वळवलं. मग उठले, माझा खांदा धरून टेबलाखाली बसले, हात वर केले आणि झाकणाच्या कडेवरून बोटं फिरवली. स्क्रूड्रायव्हर मागितला. मी दिला.

पहिला स्क्रू टक्‌ करून बसला. मग समोरच्या कोपऱ्यातला. कोपऱ्यातून कोपऱ्यात, मग बाजूंकडे. हात कुठेही शोधत नव्हता. ओठ हलत होते. मी जमिनीवर आडवा होऊन मोजत होतो. पाच. सहा. सात. सातव्यानंतर हात खाली आला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ लुंगीला पुसली, हात परत वर नेला आणि मागच्या बाजूचा स्क्रू फिरवला. टक्‌.

"सात," बाबा म्हणाले.

मला आधी वाटलं की मीच चुकलो. मी उठून सगळे आठ स्क्रू सोडवले. "परत लावा," म्हणालो, "नि मोठ्यानं मोजा."

त्यांनी पहिला फिरवला. "लाभ." दुसरा. "एक." तिसरा. "दोन."

आई उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "अवो," ती म्हणाली, "लाभ धरून मोजा की."

आमच्याकडे खळ्यावर पायलीनं भात मापायचे तेव्हाची ही रीत. पहिली पायली देवाची. ती वेगळी ओतायची, आणि तिला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. इतर गावांत लाभानंतर दोन म्हणतात. आमच्याकडे देवाचं मोजायचं नाही म्हणून खरी मोजणी लाभानंतर सुरू होते, एकपासून. मीही लहानपणी खळ्यावर बसून हे ऐकलं होतं. मग मशीन आलं, गोणी आल्या, काट्यावर वजन होऊ लागलं, आणि आमच्या घरात लाभ म्हणायला काही उरलं नाही. वीस वर्षांचा माझा बाप परक्या मुलखात धावपट्टीवर बसून झाकण लावताना घरच्यासारखं मोजत होता. त्यानं रोज आठ लावले आणि रोज सात मोजले.

"...पाच. सहा. सात." शेवटचा टक्‌ झाला. बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग एकेका स्क्रूवर बोट ठेवत, पहिल्यालाच एक म्हणत, त्यांनी सगळे मोजले. आठवर बोट थांबलं.

"आठ," ते म्हणाले.

"आठ, बाबा."

मग ते माझ्यावर जे भडकले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. कारखान्यात ड्रॉइंगं काढतोस, म्हणाले, टेप घेऊन परगावी जातोस, आणि खळ्यावर कसं मापतात ते तुला म्हाईत नाय. बापाला इचारायचं नाय, कसं मोजलं. येऊन सांगायचं, हुकला. "तुजं नाक जाड," ते म्हणाले, "इमानाचं नाय." मी टेबलाशेजारी बसून रडत होतो आणि हसतही होतो, आणि शिव्या थांबू नयेत असं मला वाटत होतं. आईनं सूप बाजूला ठेवलं आणि भाकरी थापायला आत गेली. आतून तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

बाबा बराच वेळ टेबलाखालून बाहेर आले नाहीत. एक तळवा झाकणावर सपाट ठेवून बसले होते. मी त्यांना हात द्यायला वाकलो तेव्हा ते काहीतरी बोलत होते, पण माझ्याशी नाही. "सब बंद, साब," असं ते म्हणत होते.

आठव्या स्क्रूची खूण मी त्याच दिवशी केली आणि विमानाला रंग दिला.

सव्वीस जानेवारीला बाबांनी झेंडा फडकवला. हिसका जरा जोरात बसला आणि फुलं बाईंच्या डोक्यावर पडली. मग विमान व्हरांड्यात टेबलावर ठेवलं, पोरं भोवती गोळा झाली, आणि बाबा खुर्चीवर बसून विमानाच्या पोटाखाली बोट फिरवत राहिले. बाईंनी मुलांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलं, "आजोबा, हे खरं विमान आता कुठं आहे?"

दोन महिने त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, पडलं. बाबांनी मान वर केली आणि उजेड येत होता त्या बाजूला, मैदानाकडे तोंड वळवलं.

"सकाळी गेलं," ते म्हणाले. "आलं नाय आजून."